मॅपवरचं ‘२४ तास उघडे’ नेमकं कोण लिहितं? रात्री व्हेट शोधण्याआधी हे वाचा

माणसासाठी १०८ आहे. लहान पोरांनाही पाठ असतो तो नंबर. पण रात्री दोन वाजता तुमच्या कुत्र्याला फिट आली किंवा मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं, तर कोणता नंबर लावायचा? बहुतेक जण मॅप उघडून ‘व्हेट निअर मी’ टाइप करतात, सगळ्यात वर जे दिसेल तिकडे रिक्षा वळवतात. म्हणजे शहरातल्या पाळीव प्राण्यांची इमर्जन्सी आपण एका सर्च बॉक्सच्या हवाली केली आहे. तो सर्च बॉक्स काय बघून उत्तर देतो, हे समजून घेऊया.

आधी सरकारी नंबर. १९६२ हा टोल फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा आहे. गाडीत डॉक्टर, मदतनीस आणि ड्रायव्हर असतो. पण ही योजना आखली गेली ती पशुधनासाठी, साधारण १ लाख जनावरांमागे १ गाडी या हिशोबाने. गोठ्यातली म्हैस अडली तर दारात डॉक्टर यावा, हा तिचा हेतू आहे आणि तो रास्तच आहे. गावाकडे असाल तर नंबर सेव्ह करा. फक्त चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या पर्शियन मांजरासाठी मध्यरात्री ती गाडी येईल, असं धरून चालू नका. मुंबईत परळला १९व्या शतकापासून प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, २०२४ मध्ये महालक्ष्मीलाही टाटा ट्रस्टचं हॉस्पिटल सुरू झालं. पण जिल्ह्याच्या गावाला असं काही नसतं. तिथे एक-दोन खाजगी क्लिनिक, तीही रात्री नऊला बंद होणारी.

आता मॅप. जवळपासची ठिकाणं दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं : तुमच्या शब्दांशी ते ठिकाण किती जुळतं, ते किती लांब आहे आणि किती प्रसिद्ध आहे. आत्ता आत डॉक्टर जागा आहे का, हे यात कुठेच नाही. ‘उघडे आहे’ हे हिरवं अक्षर बहुतेक वेळा क्लिनिकवाल्याने कधीतरी भरलेल्या वेळेवरून येतं. कोणी उत्साहात ‘२४ तास’ टिक केलं की ते तसंच राहतं. रात्रपाळीचा डॉक्टर सोडून गेला, तर ते मॅपला कोण सांगणार?

याचा हिसका मला गेल्या पावसाळ्यात बसला. आमचा बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, पण शू थेंबभरही नाही. लोकांना वाटतं बद्धकोष्ठता आहे. बोक्यांच्या बाबतीत मात्र ही खरी इमर्जन्सी असते. मूत्रमार्ग अडला की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मॅपवर पहिल्या नंबरच्या ‘२४ तास’वाल्याने फोनच उचलला नाही. दुसरीकडे वॉचमन म्हणाला, “डॉक्टर दहाला येतात.” यादीत खूप खाली, सात किलोमीटरवर असलेल्या तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी स्वतः फोन घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “शेवटची शू कधी केली?” तिथे गेलो, कॅथेटर टाकला, बोका वाचला.

म्हणून फोनवर “उघडं आहे का?” एवढंच विचारून भागत नाही. “आत्ता डॉक्टर हजर आहेत का? कॅथेटर, ऑक्सिजन, एक्स-रे यातलं काय रात्री होतं?” असं विचारा. आणि हे विचारायची योग्य वेळ म्हणजे प्राणी ठणठणीत असतानाचा एखादा रविवार. मॅपच्या रिव्ह्यूमध्ये शब्द शोधायची सोय असते. तिथे ‘रात्री’, ‘नाइट’, ‘इमर्जन्सी’ टाका आणि नवीन रिव्ह्यू आधी लावा. रेटिंगच्या आकड्यापेक्षा हे कितीतरी खरं बोलतं. चार-पाच तारे बऱ्याचदा ग्रूमिंग छान केल्याबद्दलच असतात!

क्लिनिक सापडेपर्यंत लोक चॅटबॉटला औषध विचारतात. इथे मी ठाम आहे : डोस विचारू नका. घरातली पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, तिचं यकृत ते पचवू शकत नाही. कुत्र्याला आयब्युप्रोफेनही तितकंच घातक.

त्यापेक्षा फोनची खरी ताकद वापरा. फिट आली तर व्हिडिओ काढा, क्लिनिकमध्ये पोचेपर्यंत ती थांबलेली असते आणि डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही. प्राणी शांत झोपलेला असताना स्टॉपवॉच लावून मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा, ३०च्या आत हवेत. काही खाल्लं असेल तर त्या पाकिटाचा किंवा गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो घ्या. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर हिरड्यांचा रंग बघू शकतो, पण पोट दाबून बघू शकत नाही. त्यामुळे ऑनलाइन सल्ला ‘निघायचं की थांबायचं’ एवढं ठरवायला ठीक.

आणि एक सावधगिरी. सर्चमध्ये खोटे कस्टमर केअर नंबर पेरण्याची जी जुनी युक्ती आहे, तीच ‘पेट अॅम्ब्युलन्स’च्या नावानेही चालू शकते. गाडी निघायच्या आधी यूपीआयने पूर्ण पैसे किंवा क्यूआर स्कॅन मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, जितका उशीर तितकी ते अडवण्याची शक्यता कमी.

सापडलेले दोन-तीन नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ‘व्हेट रात्र’ या नावाने सेव्ह करा. तुम्ही ट्रिपला गेला असाल तेव्हा ते आईला शोधावे लागणार आहेत.