जॉन्सन, ट्रम्प आणि शिरूर-दौंडचा गोठा

ऑगस्ट २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी रशियन तेलाचे निमित्त करून भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा इतका उद्दाम अध्यक्ष अमेरिकेत पूर्वी झाला नाही, असे पुष्कळांना वाटले. स्मरणशक्ती आखूड असली की असे वाटते! १९६६ च्या दुष्काळात लिंडन जॉन्सन यांनी पी. एल. ४८० चा गहू हप्त्याहप्त्याने अडवून धरला. व्हिएतनामवरील भारताची टीका त्यांना खुपत होती. उद्दामपणात डावे-उजवे करण्यात अर्थ नाही. मात्र जॉन्सन यांचा गहू, अपमान गिळून का होईना, रेशनच्या दुकानात पोचला. ट्रम्प सरकारने २०२५ च्या वाटाघाटींत आपली दुधाची व शेतमालाची बाजारपेठच मागितली. शिरूर-दौंडच्या गोठ्यातून पाहिले, तर ट्रम्प अधिक घातक ठरतात; आणि दुधाबाबत दिल्लीने काय कबूल केले, हे गावोगावच्या दूधसंकलन केंद्रांवर विचारले गेले पाहिजे.