कोणता शब्द टाळावा?

मराठी घरातून बाहेर पडणारा माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. तोंडातून "जातो" निघालेच, तर आजी लगेच सांगते, "जातो म्हणू नये रे, येतो म्हण." पूजेचा नारळ फोडत नाहीत, तो वाढवतात. बांगडी फुटली असेही म्हणत नाहीत, बांगडी वाढवली म्हणतात.

तुम्हांला याचे फारसे नवल वाटणार नाही. उर्दू बोलणाऱ्या घरांतही असेच शब्द जपून वापरतात. रात्री दुकान 'बंद' करत नाहीत, ते 'बढाते' हैं असे म्हणतात. जेवण झाल्यावर दस्तरखान उचलत नाहीत, तेही 'बढाते' हैं. बांगड्या फोडत नाहीत, 'ठंडी' करतात. मराठीतले वाढवणे आणि उर्दूतले बढाना हे मुळात एकाच शब्दापासून आले आहेत. गंमत अशी, की मराठीत 'वाढणे' म्हणजे ताटात जेवण घालणे, आणि दस्तरखान 'बढाना' म्हणजे जेवण आटोपले! मराठी मित्राकडे जेवायला गेलात, तर एवढे ध्यानात ठेवा.

अशा टाळण्याने कोणाचे काही बिघडत नाही. दुसरे एक टाळणे त्याहून मोलाचे आहे. पुष्कळ गावांत वस्त्यांना जातीची नावे पडली होती. साधा पत्ता सांगतानाही माणसाला आपली जात सांगावी लागे. ही नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये घेतला. पाटी एका दिवसात बदलते. तोंडातला शब्द मात्र शासनाला बदलता येत नाही. तो आपला आपणच टाळावा लागतो.

पण शब्द टाळण्याचा तिसरा एक प्रकार आहे आणि तो मला मुळीच पटत नाही. उर्दू माध्यमाची मुले मराठी निबंध लिहायला बसली, की ओळखीचा शब्द दिसताच बिचकतात. हा तर आपला घरचा शब्द, मग तो मराठी कसा असेल? असे वाटून ती अर्ज, हजर, तारीख, परवानगी, शिफारस हे शब्द खोडतात आणि त्यांच्या जागी एखादा अवघड संस्कृत शब्द शोधत बसतात. काही मराठी मुलेही हेच करतात. त्यांना वाटते, फारसी-अरबीतून आलेला शब्द म्हणजे अशुद्ध मराठी.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचे बोलणे ऐका. तो खरिपात कापूस आणि सोयाबीन पेरतो, रब्बीत हरभरा आणि गहू पेरतो. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. त्या त्या ऋतूत पीक हाती येते, म्हणून ही नावे पडली. आता ती टाकून त्याने दुसरे काय म्हणावे? 'जिल्हा' हाच शब्द पाहा. तुमच्या भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणाच्या बाजूला 'जिला' म्हणतात ना? तोच हा अरबी शब्द. त्याला संस्कृत 'अधिकारी' जोडला आणि 'जिल्हाधिकारी' तयार झाला. शासकीय पाटीवर हे दोघे शेजारी शेजारी बसले आहेत, कोणाची हरकत नाही.

फारसी शब्द टाळण्याची खटपट जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा येथे जन्मलेल्या जिजाबाईंचे पुत्र शिवाजी महाराज. १६७४ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला. पुढे त्यांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी 'राजव्यवहारकोश' तयार केला. दरबारात चालणाऱ्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. नव्या राज्याला कारभाराची स्वतःची भाषा हवी होती, हे समजण्यासारखे आहे. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला. पण पेशव्याला पंतप्रधान म्हणायचे ठरले, तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत पेशवाच राहिला. पंतप्रधान शब्दाचे दिवस फिरले ते फार पुढे. आज सारा महाराष्ट्र देशाच्या प्रमुख मंत्र्यांना त्याच नावाने ओळखतो.

विसाव्या शतकात वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर असे शब्द त्यातून रूढ झाले आणि त्यांचा उपयोगही होतो. तरी अर्जावर 'दिनांक' लिहिणारा माणूस शेजाऱ्याला "आज तारीख काय?" असेच विचारतो. कवी माधव जूलियन यांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, मराठीत गझल रुजवली, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले! नवा शब्द सोयीचा असेल तर जरूर घ्यावा, असे मला वाटते. पण तीन-चारशे वर्षे लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दाला त्याचे मूळ गाव विचारून बाहेर काढू नये.

मात्र ओळखीचा शब्द मराठीत वापरताना त्याचा अर्थ एकदा पाहून घ्या. काही शब्दांनी इकडे आल्यावर वेश बदलला आहे. उर्दूत होशियार म्हणजे सावध. मराठीत हुशार मुलगा म्हणजे बुद्धिमान. पहिलवानाला 'किताब' मिळाला असे मराठी वर्तमानपत्रात वाचाल, तर त्याला पुस्तक मिळाले असे समजू नका. तो तुमचा 'खिताब' आहे. आणि उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. तेव्हा मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेलात, तर तुम्ही भांडायला आलात असे ते समजणार नाहीत.