पिशवीवरचे नाव आणि अर्जातला माल



ट्रेडमार्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाव आणि छाप येतो. नाव आईचे ठेवायचे की ग्रामदैवताचे, पिशवी पिवळी की हिरवी, वर उसाचे कांडे की बैलजोडी, यावर घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. पण त्याच अर्जात आणखी एक रकाना असतो. हे नाव नेमके कोणत्या मालासाठी हवे आणि तो माल कोणत्या वर्गातला, हे तिथे लिहायचे असते. तो रकाना मात्र "तुम्हीच भरा हो साहेब" असे म्हणून आपण एजंटाच्या हवाली करतो आणि सही ठोकून मोकळे होतो. माझे स्पष्ट मत असे की, हे उलटे चालले आहे. नावाचा विचार दोन दिवस करा, पण मालाच्या वर्णनाचा चार दिवस करा. कारण कायदा नुसत्या नावाला संरक्षण देत नाही, अमुक मालावरच्या अमुक नावाला देतो.

हा विषय आताच का काढला, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये ठरवली आणि पुढे कित्येक वर्षे ती तिथेच राहिली. उसाची एफआरपी मात्र २०१८-१९ च्या हंगामात क्विंटलला २७५ रुपये होती, ती २०२५-२६ साठी ३५५ रुपये झाली (मूळ उताऱ्याचा आधारही मध्यंतरी १० टक्क्यांवरून १०.२५ झाला). ती आपल्या हक्काचीच आहे. पण नुसती पोत्यातली साखर टेंडरने व्यापाऱ्याला विकून हा मेळ फार काळ बसणार नाही, हे वार्षिक सभेत मागे बसणाऱ्यालाही कळते. म्हणून कारखान्यांना एक-एक किलोच्या पिशवीकडे, इथेनॉलकडे, खताकडे वळावे लागते. आणि सभासदाच्या घरातली तरुण मुले गूळ पावडर, काकवी, बाटलीतला रस यांच्याकडे वळतात.

आपल्या बावधनचेच पाहा. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. शिवारात इमारती उभ्या राहिल्या. ऊस मागे सरकला, पण गिऱ्हाईक दारात आले. चांदणी चौकातून रोज किती माणसे जातात! त्यांना गूळ हवा आहे, आंबेमोहोर हवा आहे, आणि तो कोणाचा हे पिशवीवर वाचून घ्यायचा आहे. तेव्हा नाव हे आता मिरवण्याचे साधन राहिले नाही, ती मिळकत आहे. आणि मिळकत म्हटली की तिच्या चतु:सीमा लिहाव्या लागतात. मालाचे वर्णन म्हणजेच या मिळकतीच्या चतु:सीमा.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ट्रेड मार्क्स अधिनियम १९९९ चा आहे आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. मालाचे वर्ग मात्र आपण एकट्याने ठरवलेले नाहीत. फ्रान्समधल्या नीस या गावी १९५७ साली झालेल्या करारातून ते आले आणि २०१९ साली भारतही त्या करारात रीतसर सामील झाला. एकूण वर्ग ४५. त्यांतले १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. अर्ज एकच करता येतो, पण फी प्रत्येक वर्गाला वेगळी. ऑनलाईन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये, असा दर २०१७ च्या नियमांनी घालून दिला.

या वर्गांची गंमत उसावरूनच कळेल. शेतातला ऊस वर्ग ३१ मध्ये. तोच गाळून बाटलीत भरलेला रस ३२ मध्ये. साखर, गूळ आणि काकवी ३० मध्ये. चिपाड, म्हणजे कच्चा बगॅस, पुन्हा ३१ मध्ये. त्यावर तयार झालेली वीज आणि इंधन म्हणून विकायचे इथेनॉल ४ मध्ये. तेच अल्कोहोल औद्योगिक वापरासाठी असेल तर १ मध्ये, आणि कंपोस्ट खतही १ मध्ये. रसवंतीवर बसून गिऱ्हाइकाला रस पाजला तर ती सेवा झाली, तिचा वर्ग ४३. म्हणजे फडातून एकच मोळी निघाली आणि तिची सहा घरी वाटणी झाली! २०२० च्या करोना साथीत राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांनी आसवनीत सॅनिटायझर तयार केले. तो माल वर्ग ५ मधला. साखरेसाठी वर्ग ३० मध्ये नोंदलेले नाव त्या बाटलीला आपोआप लागू होत नाही.

मुळशी-मावळच्या भाताचेही तसेच. साळ, म्हणजे न सडलेला भात, वर्ग ३१ मध्ये आणि गिरणीतून निघालेला तांदूळ वर्ग ३० मध्ये. बचत गटाच्या भगिनींनी तर जास्तच जपावे. लोणचे वर्ग २९ मध्ये आणि चटणी वर्ग ३० मध्ये! तूप २९ मध्ये, मध ३० मध्ये. एकाच फळीवर शेजारी मांडलेल्या बरण्या कायद्याच्या दृष्टीने दोन घरच्या.

वर्ग बरोबर पडला तरी काम संपत नाही. शब्दही नेमके हवेत. आपल्या बोलण्यात 'मळी' म्हणजे काय? कारखान्यातला माणूस साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाला मळी म्हणतो. शेतकरी शेतात टाकायच्या प्रेसमडलाही मळीच म्हणतो. एक आसवनीत जाते, दुसरी उसाच्या सरीत. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो. तेव्हा मुंबईत बसलेल्या ज्या माणसाने प्रेसमड कधी पाहिलेले नाही, तो 'मळी'चे भाषांतर काय करणार? काकवीची तीच गत. खाण्याची काकवी की गुरांच्या खाद्यातली, हे आपणच सांगायला हवे. म्हणून मालाची यादी प्रथम आपण आपल्या भाषेत करावी आणि प्रत्येक मालापुढे तो कशापासून होतो, कोणाला विकतो आणि कशासाठी वापरतात, या तीन गोष्टी लिहाव्यात. मग एजंटाने त्याचे भाषांतर करावे आणि ते आपण पुन्हा वाचून घ्यावे. त्याने फी घेतली म्हणून आपली अक्कल गहाण पडत नाही.

ऊस नोंदीचे उदाहरण घ्या. लागणीची तारीख, जात को ८६०३२ की २६५, आडसाली की सुरू, गट नंबर, क्षेत्र, हे सगळे आपण शेतकी कर्मचाऱ्यापुढे उभे राहून लिहून घेतो. का? तर नोंद चुकली की तोडीचा नंबर चुकतो. ट्रेडमार्कच्या अर्जातही तारखेला तेवढाच मान आहे. आणि इथला नियम ऊस नोंदीपेक्षा कडक आहे. अर्ज दाखल झाल्यावर यादीतला माल कमी करता येतो, नवा माल घालता येत नाही. गूळ लिहिला आणि रस राहिला, तर रसासाठी नवा अर्ज, नवी फी आणि नवी तारीख. मधल्या काळात त्याच नावाने दुसऱ्या कोणी रसासाठी अर्ज केला असेल, तर मग बसा वकिलाच्या ओसरीवर. मिळत्याजुळत्या मालाच्या बाबतीत कायदा आपल्याला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही, हे खरे. पण तेव्हा गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्या डोक्यावर येते.

हे ऐकून कोणी म्हणेल, "मग काय, वर्ग ३० मधले सगळेच लिहून टाकू! साखरेपासून बिस्किटापर्यंत!" बंधूंनो, अति तेथे माती. ही हाव कोर्टात टिकत नाही, आणि याचे दोन दाखले लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला 'चारमिनार' सिगारेटचा. कंपनीने नाव नोंदवले होते ते तंबाखूच्या सगळ्या तयार मालासाठी, पण विकत होती फक्त सिगारेट. दुसरा एक व्यापारी त्याच नावाने किमाम आणि जर्दा विकत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ साली निकाल लागला. मोठ्या गटाच्या नावाखाली नोंद करून ठेवायची, त्यातला एकच माल काढायचा आणि बाकीच्या मालाची वाट दुसऱ्याला अडवायची, हे चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. कंपनीची नोंद सिगारेटपुरती राहिली.

दुसरा दाखला सहकारातलाच आहे. कर्नाटकच्या दूध महासंघाचे 'नंदिनी' हे नाव १९८५ पासूनचे. १९८९ पासून 'नंदिनी डिलक्स' नावाची उपाहारगृहे चालवणाऱ्याने काही खाद्यपदार्थांसाठी आपल्या नावाची नोंदणी मागितली. महासंघाने हरकत घेतली. लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१८ मध्ये निकाल महासंघाच्या विरोधात गेला. दोन माल एका वर्गात बसतात म्हणून ते एकसारखे होत नाहीत आणि वर्ग मिळाला म्हणजे अख्ख्या वर्गाची मालकी मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले. उपाहारगृहवाल्याच्या यादीतून दूध आणि दुधाचे पदार्थ तेवढे वगळले गेले. म्हणजे सगळा निकाल शेवटी मालाच्या यादीवर येऊन थांबला. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या सहकारी संस्थेची ही गोष्ट आहे. आपण त्यातून धडा घ्यावा.

शिवाय कलम ४७ आहेच. नोंद झालेल्या मालावर सलग पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरलेच नाही, तर कोणीही बाधित माणूस ती नोंद काढून टाकण्याची मागणी करू शकतो. पडीक ठेवलेल्या जमिनीवर शेजाऱ्याची नजर जाते, तसेच हे. तेव्हा नियम साधा ठेवा: आज जे विकतो ते लिहा; येत्या चार-पाच वर्षांत जे खरोखर काढणार आहोत, ज्याची यंत्रसामग्री किंवा जागा डोळ्यांपुढे आहे, तेही लिहा; बाकीचे सोडा.

आणखी एक घोटाळा सर्रास होतो, तो आकड्यांचा. जीएसटीच्या बिलावर साखरेचा एचएसएन क्रमांक १७०१ असतो. काही जण तोच अर्जात घालू पाहतात. तो कराचा क्रमांक आहे, त्याचा ट्रेडमार्कच्या वर्गाशी काही संबंध नाही. अन्नसुरक्षेचा परवाना हीही तिसरीच गोष्ट. परवाना मिळाला म्हणजे नाव आपले झाले, असे बिलकुल समजू नये. आणि मालाचे वर्णन हेच नाव म्हणून मागू नये. गुळाला 'शुद्ध गूळ' किंवा तांदळाला 'आंबेमोहोर' हे नाव एकट्याच्या मालकीचे होत नाही. एक मालाचा गुण आहे, दुसरे वाणाचे नाव. कोल्हापुरी गुळाला मिळालेले भौगोलिक मानांकन हे त्या भागातल्या उत्पादकांचे सामाईक असते. तो कायदा वेगळा आणि त्याची वाटही वेगळी.

या मतावर हरकती येतील, त्यांनाही उत्तर देतो. "साखर ती साखर, तिला कसले आले नाव?" असे जुने सभासद म्हणतात. पोत्यात असेपर्यंत त्यांचे खरे आहे. पण पिशवीत आली की ती ओळखीने विकली जाते. दुसरी हरकत खर्चाची. तीन वर्गांचे २७,००० रुपये कारखान्याला जड नाहीत; पण चुकीच्या वर्गात घातलेले ९,००० देखील जड आहेत, कारण ते परत मिळत नाहीत आणि गेलेली तारीखही परत येत नाही.

म्हणून माझी सूचना दोन भागांत आहे. सभासदांनी आपल्या घरच्या मालासाठी अर्ज करण्यापूर्वी यादी कागदावर मांडावी, नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्गांची यादी आणि आधीची नावे पाहावीत, आणि परीक्षण अहवाल आला तर मुदतीत, म्हणजे एक महिन्यात, उत्तर द्यावे. कारखान्याने शेतकी विभाग, मुख्य रसायनज्ञ, आसवनी आणि विक्री विभाग यांचा एकेक माणूस घेऊन मालाची यादी करावी, ती संचालक मंडळापुढे ठेवावी आणि वार्षिक सभेत वाचून दाखवावी. नोंद दहा वर्षांची असते आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण होते. म्हणजे आज लिहिलेले शब्द आपल्या मुलांच्या हातात जाणार आहेत.

गव्हाणीत मोळी पडते तिचे वजन आपण काट्यावर उभे राहून पाहतो. आपल्या नावाखाली काय लिहिले जाते तेही तसेच उभे राहून पाहावे, एवढेच सांगणे. जय सहकार!

— बावधन येथील एक ऊस उत्पादक सभासद