रानातल्या घराला वीज लागते तरी किती?

म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याला लागले की साधारण ४५ किलोमीटरवर हुणसूर येते. लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव तंबाखूसाठी नावाजलेले, आणि याच तालुक्यातून नागरहोळेच्या जंगलाकडे वाट जाते. शहराच्या धकाधकीला कंटाळलेल्या माणसाला इथे आपले एखादे कौलारू घर असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. पण वळवाचा वारा सुटला आणि एखादे झाड तारांवर आडवे झाले, की हे स्वप्नातले घर मिट्ट काळोखात बुडते. रानातल्या तारा जोडायला वेळ लागतो. मग घरात चर्चा सुरू होते, ‘आपण एक छोटा जनरेटर घेऊनच टाकू या!’

घ्यावा, जरूर घ्यावा. मात्र दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘किती केव्हीएचा देऊ?’ आणि आपण अंदाजाने मोठा आकडा सांगून मोकळे होतो. इथेच पैसे वाया जातात.

नऊ वॉटचे चार एलईडी दिवे म्हणजे ३६ वॉट. नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास, जुना असेल तर ७५. फोनचे चार्जिंग नगण्यच. फ्रिज चालताना दीडशे वॉट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट ओढतो. खरा खादाड म्हणजे पाण्याचा पंप. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार वॉटच्या पुढे जातो आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट मागतो. गीझरला तर सरळ दोन हजार वॉट लागतात, तेव्हा अंघोळीचे पाणी रानातल्या घरी बंबातच तापवलेले बरे.

आता हिशेब बघा. जनरेटरच्या पाटीवर केव्हीए लिहिलेले असते. त्याला ०.८ ने गुणले की वॉटचा सुरक्षित अंदाज येतो, म्हणजे दोन केव्हीएचे सोळाशे वॉट. शिवाय हुणसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. हवा विरळ होत जाते तशी पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते. तेव्हा इथे नऊ टक्के आणखी वजा करा. हाती राहिले साडेचौदाशे वॉट. पंपही चालवायचा म्हटले तर तीन-चार केव्हीएचा, दोघांनी उचलावा लागणारा संच घ्यावा लागेल. विंधन विहिरीत थ्री फेजचा पंप असेल, तर तो या छोट्या संचांच्या आवाक्यातच नाही.

यावर तोड सोपी आहे. वीज असते तेव्हाच पाणी वर चढवून ठेवा! उंचावरची हजार लिटरची टाकी ही रानातली सर्वांत स्वस्त बॅटरी समजा. टाकी भरलेली असेल तर पंप यादीतून गळतो आणि दोन केव्हीएचा, वीसेक किलोचा संच चौकोनी कुटुंबाला पुरतो. त्यातही ‘इन्व्हर्टर’ जातीचा जनरेटर घ्यावा. साध्या उघड्या संचापेक्षा तो महाग असतो, पण त्याची वीज स्थिर असते, आवाज कमी असतो आणि भार कमी असला की पेट्रोलही कमी खातो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जनरेटर रात्री चालवण्यासाठी घ्यायचाच नाही. तो दिवसा चालवायचा आणि रात्र बॅटरीवर काढायची. चार दिवे चार तास आणि एक पंखा आठ तास, एवढ्याला बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी एक तृतीयांशही खर्ची पडत नाही. साधा इन्व्हर्टर दहा ते पंधरा अँपिअरने बॅटरी भरतो, म्हणजे ही तूट भरून काढायला चार-पाच तास. सकाळी दोन आणि दुपारी दोन-तीन तास संच चालवला की काम झाले. तेवढ्या वेळात फ्रिजही गार होतो आणि मिक्सरवर चटणी वाटून होते. छपरावर एखादे सौर पॅनेल असेल तर उघडिपीच्या दिवशी तेही नको. मात्र काही घरगुती इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेतच नाहीत, म्हणून खरेदीआधी दोन्ही जोडून पाहण्याचा आग्रह धरा.

दिवसाच का? एक तर रानातली शांतता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि छोटा संचही जवळून त्याहून मोठ्याने बोलतो. पण खरे कारण धुराचे आहे.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. आपण म्हणतो, प्रवासाचा शीण असेल. झोपलेल्या माणसाला तर एवढाही इशारा मिळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे आठ पर्यटक एका खोलीत झोपले होते. त्यांत चार मुले होती. दारे-खिडक्या बंद आणि खोलीत गॅसचा हीटर. आठांपैकी कोणी वाचले नाही. तो हीटर होता, जनरेटर नव्हता, पण बंद जागेत जळणाऱ्या इंधनाचा धडा एकच. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हिमवादळाने वीज गेली, तेव्हा घरात किंवा घराला लागून जनरेटर चालवल्यानेही माणसे दगावली.

हुणसूरच्या तंबाखूच्या भट्ट्या आठवा. तिथे लाकडाच्या जाळाने पाने सुकवतात, पण धूर लोखंडी नळ्यांतून फिरवून बाहेर काढतात. पानाला धूर लागला तर माल खराब होतो. पानाची एवढी काळजी, मग माणसाची किती घ्यावी? म्हणून जनरेटर स्वयंपाकघरात नको, व्हरांड्यात नको, पडवीत नको आणि खांबांवर उभ्या लाकडी घराच्या खाली तर मुळीच नको. फळ्यांच्या फटींतून धूर वर येतो. घरापासून किमान वीस फूट लांब, धुराचे तोंड घराकडे न करता, वर उघड्या बाजूंचे छोटे छप्पर करून तो ठेवा. झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर लावा. संचाच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे.

आणखी एक जीव आपल्या हाती असतो, तो वायरमनचा. काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज थेट भिंतीतल्या प्लगमध्ये सोडतात. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी रोहित्रापर्यंत पोहोचते, आणि २३० व्होल्टची वीज पलीकडे ११,००० व्होल्ट होऊन तारेत उतरते. तार मेली आहे असे समजून पावसात खांबावर चढलेल्या माणसाचे काय होईल, हे सांगायला नको. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्यावे. यात काटकसर नको.

शेवटी इंधनाचे. कमी भारावर असा संच तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल घेतो. दिवसाला अडीच लिटर धरले तरी तीन दिवसांना आठ लिटर पुष्कळ झाले. घरगुती वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते, तेही धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. म्हणून मुक्काम संपताना कार्बोरेटर रिकामा करा. संच महिन्यातून एकदा दहा मिनिटे भार लावून चालवा, आणि पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्या.

एवढे सांभाळले की वीज गेलेली रात्रही सुखाची जाते. घरात एक मंद दिवा, माथ्यावर पंखा, टाकीत पाणी, आणि बाहेर फक्त रानाचा आवाज. त्यासाठीच तर तिथे घर बांधले ना!