चरित्राचे पहिले वाक्य

वाचकहो, थोरामोठ्यांची ओळख करून देताना लेखकास सर्वांत जड जाते ते पहिले वाक्य. ‘अमुक साली अमुक गावी जन्म झाला’ असा आरंभ केला, तर दिवसभराच्या कष्टांनी थकलेला वाचक पान उलटतो. काही चमत्कारिक गोष्ट पुढे ठेवली, तर तो थांबतो खरा. परंतु पुष्कळदा चमत्कार तेवढा ध्यानात राहतो आणि माणूस विसरला जातो. इटलीच्या मज्जातंतुशास्त्रज्ञ डॉक्टर रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ह्यांचे लहानसे चरित्र लिहावयास आम्ही बसलो, तेव्हा ह्याच पेचात सापडलो. पहिले वाक्य तीनदा लिहिले. त्यांतील दोनदा खोडले.

प्रथम लिहिले की, ह्या बाई १९०९ साली जन्मल्या आणि २०१२ साली, १०३ वर्षांच्या होऊन निवर्तल्या. गोष्ट खरी आहे. परंतु दीर्घायुष्य हे देवाचे देणे. मिळालेल्या वर्षांचे त्यांनी काय केले, हे त्यावरून उमजत नाही. म्हणून ते खोडले.

दुसऱ्यांदा लिहिले की, १९५२ साली त्या अमेरिकेहून ब्राझीलला विमानाने गेल्या, तेव्हा दोन उंदीर आपल्याजवळ लपवून घेऊन गेल्या. ऐकणाऱ्यास हसू येईल. पण उंदीर कशासाठी? त्या उंदरांच्या अंगी गाठी होत्या आणि त्या गाठींतील कोणत्या द्रव्याने मज्जातंतू वाढतात, ह्याचा त्या शोध करीत होत्या. हे समजावून देण्यास आधी अर्धे चरित्र सांगावे लागते. तेही खोडले.

तिसरे वाक्य असे उतरले: ‘युद्धाच्या दिवसांत एक अविवाहित डॉक्टरीणबाई सायकलवरून शेतकऱ्यांच्या दारोदार फिरत आणि माझ्या मुलांसाठी अंडी द्या, असे म्हणत, आणि घरी कोंबडा आहे ना, हेही हळूच विचारून घेत.’

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत, त्या आमच्या भगिनींना कोंबड्याच्या चौकशीचे मर्म तत्काळ कळेल. बाईंना खाण्यापुरती अंडी नको होती. ज्यांत पिलू धरेल अशी अंडी हवी होती. त्या पिलांच्या गर्भात मज्जातंतू कसे वाढतात, हे त्यांना पाहावयाचे होते.

मग हे काम विद्यापीठात का नव्हे? कारण रीटाबाई ज्यू घराण्यातील. १९३६ साली तुरीन येथे त्या वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. आणि १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे करून ज्यू लोकांना विद्यापीठांची दारे बंद केली. तेव्हा त्यांनी आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून त्यांची बारीक शस्त्रे केली. त्यांचे गुरू जुझेप्पे लेव्ही ह्यांचेही पद त्याच कायद्यांनी गेले होते. तेच आता शिष्येच्या हाताखाली मदतनीस झाले. बाँबहल्ल्याचा भोंगा वाजला की, बाई सूक्ष्मदर्शक यंत्र उचलून तळघरात नेत. पुढे शहर सोडून खेड्यात राहावे लागले. तेथेही त्यांनी हेच काम नव्याने मांडले.

गर्भाचा उगवता अवयव काढून टाकला, तर त्याच्याकडे जाणाऱ्या मज्जापेशी आधी वाढू लागतात आणि मग मरतात, असे त्यांना दिसले. म्हणजे ज्या अवयवाकडे त्या धावतात, तोच त्यांना जगण्याचे बळ पुरवितो. हा धागा धरून त्या १९४७ साली अमेरिकेस गेल्या. पुढे ते बळ देणारे द्रव्य सापडले. आणि १९८६ साली स्टॅन्ली कोहेन ह्यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या ख्रिस्ती नव्हत्या, तरी १९७४ साली पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीत त्यांना स्थान देण्यात आले.

आता आमच्या मनातील अडचण सांगतो. बाईंना मूलबाळ नव्हते. ‘माझ्या मुलांसाठी’ हे बोलणे खरे नव्हते. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पानावर पहिल्याच ओळीत असत्य वचन कसे द्यावे, म्हणून आमची लेखणी काही वेळ थबकली. ती सुई तेवढी पुढे करावी आणि अंड्यांची गोष्ट गाळावी, असेही मनात आले. परंतु चरित्र धुऊन पुसून मांडले, की ते मूर्तीचे होते, माणसाचे राहत नाही. शिवाय, ते असत्य बोलण्याची पाळी त्यांच्यावर कोणी आणली, हा प्रश्न वाचकाने विचारावा, असेच आम्हांस वाटते. ज्या राज्यात विदुषीला अंडी मागण्यासाठी आईचे सोंग घ्यावे लागते, त्या राज्याचा दोष त्या एका वाक्यात उघडा पडतो.

असो. तिसरे वाक्य आम्ही ठेविले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची गोष्ट मुलांना सांगताना आपणही हीच कसोटी लावून पाहावी. गोष्ट खरी असावी. ऐकताच ‘असे का?’ हा प्रश्न मुलाच्या ओठी यावा. आणि त्याचे उत्तर देता देता त्या माणसाचे अवघे आयुष्य सांगून व्हावे.