मोटारींत बंदूक कोणती ठेवावी?

हल्लीं बहुजन समाजांतील कांहीं तरुण मंडळींत एक नवाच वाद ऐकूं येतो. शहराच्या कडेच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, बापजाद्यांनीं नांगरलेलें रान एका सहीनें विकलें गेलें, दारांत पांढरी मोटार आली; आतां त्या मोटारींत बंदूक कोणती ठेवावी, हा तो वाद होय. कोणी म्हणतो, कानपूरच्या सरकारी कारखान्याचें .३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर घ्यावें. कोणी म्हणतो, बारा बोअरची दुनळी बरी. ती नुसती दिसली तरी समोरच्याची पांचावर धारण बसते. पोराच्या शाळेची निवड करतांना जेवढी चौकशी होत नाहीं, तेवढी या निवडीसाठीं होते! म्हणून हा प्रश्न थट्टेवारी न नेतां त्याचा हिशेब शेतकऱ्याच्या रीतीनें, बियाण्यापासून खळ्यापर्यंत, मांडून पाहूं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. परवाना देणारा अधिकारी जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर, आणि मोठ्या शहरांत पोलिस आयुक्त. एकवीस वर्षांच्या आंतील इसमास परवाना नाहीं. पूर्वीं एका माणसास तीन बंदुका बाळगतां येत. २०१९ च्या दुरुस्तीनें ती संख्या दोनावर आली. पोलिसाच्या कमरेचें नऊ मिलिमीटरचें पिस्तूल आणि .३०३ ची रायफल हीं प्रतिबंधित जातींचीं हत्यारें; तीं सामान्य परवान्यावर मिळत नाहींत. तेव्हां निवड करायची म्हटली तरी ती .३२ चें रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, बारा बोअरची बंदूक आणि .३१५ ची रायफल, अशा चार-दोन वस्तूंतच करावयाची.

आतां एकेक वस्तु मोटारींत बसवून पाहा. स्वसंरक्षणासाठीं परवाना मागितला जातो त्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी कायद्यानें निदान २० इंच लांब असावी लागते. दस्ता धरून ती वस्तु केवढी होते! चाकामागें बसलेल्या माणसाला ती उचलून फिरवितां यायची नाहीं. ती माळ्यावर बसून रानडुकरें हांकण्याच्या कामाची. रायफलीची गोळी तर समोरचें माणूस भेदून पलीकडच्या शिवारांत जाईल. तेथें भांगलणी करणारी बाई कोणाची कोण, तिला ती लागेल. राहिलें रिव्हॉल्व्हर. तें लहान खरें. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानें बायकांसाठीं म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें .३२ चें रिव्हॉल्व्हर काढलें; वजन अर्धा किलो आणि किंमत सव्वा लाखाच्या घरांत! ज्या बाईला रात्रीं-बेरात्रीं कारखान्यावरून पायीं घरीं यावें लागतें, तिच्या वर्षाच्या मजुरीएवढी ही किंमत. भीति गरिबाच्या वांट्याला आणि निर्भयता सव्वा लाखाला, असा हा बाजार आहे.

बरें, रिव्हॉल्व्हर घेतलें. तें मोटारींत ठेवावयाचें कोठें? कुलूपबंद पेटींत ठेवलें, तर दरोडेखोर किल्ली शोधीपर्यंत थांबणार नाहीं. समोरच्या खणांत उघडें ठेवलें, तर तें चोराच्या नाहीं तर घरच्या पोराच्या हातीं लागणार. म्हणजे जें सुरक्षित तें उपयोगी नाहीं, आणि जें उपयोगी तें सुरक्षित नाहीं. २०१६ च्या शस्त्र नियमांनीं याचा निकाल अगोदरच लावून ठेवला आहे. सार्वजनिक जागीं हत्यार न्यावयाचें, तर तें खोळींत पूर्ण झांकलेलें असावें आणि नेणाऱ्याच्या ताब्यांत असावें, असें ते नियम सांगतात. धनी ढाब्यावर मटण-भाकरी खात बसला आणि हत्यार मोटारींत राहिलें, तर ताबा कोणाचा? कांच फोडणाऱ्याचा!

हा कांहीं कल्पनेचा खेळ नव्हे. ज्या अमेरिकेचीं चित्रें पाहून आमच्या तरुणांना हें वेड लागलें, त्या अमेरिकेचाच दाखला घ्या. तेथें मोटारींत बंदूक ठेवण्याची चाल फार मोठी, आणि मोटारींतून बंदुका चोरीस जाण्याचें प्रमाणहि तितकेंच मोठें. २०१५ च्या जून महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को शहरांत एका सरकारी रक्षकाच्या उभ्या मोटारींतून त्याचें पिस्तूल चोरीस गेलें. त्यानंतर आठवडाहि उलटला नाहीं, तों १ जुलैस बापासोबत बंदरावर फिरावयास गेलेली एक तरुण मुलगी त्याच पिस्तुलाच्या गोळीनें मेली. रक्षक शिकलेला, सरकारानें शिकवून तयार केलेला. त्याची ही गत. पुढें कॅलिफोर्निया राज्यानें मोटार सोडून जातांना पिस्तूल कुलूपांत ठेवण्याची सक्ती केली; कोलोराडो राज्यानें २०२५ च्या १ जानेवारीपासून तसाच कायदा अमलांत आणला. बंदुकीच्या देशाला जें शहाणपण एवढ्या रक्ताच्या मोलानें आलें, तें आम्ही फुकट मिळत असतां कां घेऊं नये?

कोणी म्हणेल, “रस्त्यावर चोरटे आहेत, आम्ही काय हात जोडून बसावें?” मुळींच नाहीं. जिवावर बेतलें असतां स्वतःचा बचाव करण्याचा हक्क भारतीय दंडसंहितेंत होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि आहे. परंतु तो हक्क बचावापुरता आहे. पळणाऱ्या चोराच्या पाठींत घातलेली गोळी बचावांत बसत नाहीं; ती घालणारा पुढचीं दहा वर्षें वकिलाच्या ओट्यावर काढतो, आणि उरलेलें रान फीमध्यें जातें. शेटजी गेले, सावकार गेले. पण आपल्या माणसाचें रान गिळण्यास कोर्ट अजून जिवंत आहे, हें विसरूं नका.

आणि खरें सांगा, या बंदुका चोरट्यांवर चालतात काय? त्या चालतात लग्नाच्या वरातींत, निवडणुकीच्या मिरवणुकींत आणि भाऊबंदकींत! वरातींतील गोळीबार इतका माजला कीं, २०१९ च्या दुरुस्तींत त्यासाठीं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीं, अशी शिक्षा घालावी लागली. २ फेब्रुवारी २०२४ रोजीं उल्हासनगरांत भर पोलिस ठाण्यांत, अधिकाऱ्याच्या खोलींत, गोळीबार झाला; आरोपी एक आमदार, जखमी दुसऱ्या पक्षाचा पुढारी, आणि वादाचें मूळ जमीन. बीड जिल्ह्यांत डिसेंबर २०२४ मध्यें एका सरपंचाचा निर्घृण खून झाला. तो बंदुकीनें झाला नव्हता. पण त्यानंतर चौकशी सुरू होतांच त्या एका जिल्ह्यांत बंदुकीचे हजारावर परवाने असल्याचें उघड झालें, आणि प्रशासनास कित्येक परवाने रद्द करावे लागले. ज्या जिल्ह्यांतील मजूर दरसाल ऊस तोडावयास परमुलखांत जातो, तेथें एवढ्या बंदुका कोणत्या शत्रूसाठीं? मराठा असो, वंजारी असो, माळी असो, धनगर असो, बंदूक घेणाराहि आमचाच आणि तिच्यापुढें उभा राहणाराहि आमचाच. दोघांत भांडण लावून देणारे मात्र सुरक्षित दिवाणखान्यांत बसलेले असतात. त्यांच्या दारावर पहारा सरकारी खर्चानें असतो.

यावर आमचे कांहीं बांधव बाण्याची गोष्ट काढतात. “इंग्रजानें आमचें शस्त्र काढून घेतलें, तें परत धरणें हा आमचा क्षत्रिय धर्म.” इतिहासच काढावयाचा तर तो पुरता काढूं. १८७८ साली लिटनसाहेबानें दोन कायदे केले. एकानें देशी वर्तमानपत्रांचें तोंड बांधलें, दुसऱ्यानें हिंदी माणसाच्या बंदुकीवर परवाना बसविला. गोऱ्याला मात्र त्या परवान्यांतून सूट होती. सत्यशोधक समाज निघून तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं आणि ‘दीनबंधु’ एक वर्षाचा होता. वर्तमानपत्रांचा कायदा १८८२ साली उठला. शस्त्रांचा १९५९ पर्यंत टिकला. मधल्या ऐंशी वर्षांत आमचा समाज वर आला तो कशाच्या बळावर? शाहू छत्रपतींनीं १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. भाऊराव पाटलांनीं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. बंदूक नसलेल्या त्या ऐंशी वर्षांत आम्हीं जें मिळविलें, तें बंदूक मिळाल्यावर घालवावयाचें आहे काय?

परंतु शस्त्र कोणाला मिळावें हा प्रश्न आमच्या मतें क्षुल्लक नाहीं. तो जातीचाच प्रश्न आहे. इंग्रज सरकारनें १८९० नंतरच्या दशकांत महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हां पलटणींतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं त्याविरुद्ध अर्ज लिहिला. ज्यांनीं राज्य मिळवून दिलें त्यांनाच नालायक ठरविलें, ही त्यांची तक्रार होती. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावें लागलें. आजच्या कायद्याचा कागद त्या मानानें उजळ आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणानें परवाना नाकारतां येणार नाहीं, असें १९५९ च्या कायद्याचें १४ वें कलम सांगतें. अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांत तर त्याहून पुढें गेले आहेत. जेथें दलित-आदिवासींवर अत्याचार होण्याचा संभव दिसतो, त्या भागांत इतरांचे बंदुकीचे परवाने रद्द करून हत्यारें सरकारजमा करावीं, बेकायदा हत्यारें जप्त करावीं, आणि जरूर तर दलित-आदिवासींस परवाने द्यावे, असें तिसऱ्या नियमांत स्पष्ट लिहिलें आहे.

आतां कोणत्याहि तालुक्यांत जाऊन पाहा. परवाना कोणाच्या कमरेला दिसतो? बागाइतदाराच्या, ठेकेदाराच्या, पुढाऱ्याच्या पोराच्या. ज्याच्या झोपडीवर रात्रीं दगड पडतात, त्याच्या हातांत पोलिस ठाण्याची पोंचसुद्धां नसते. खैरलांजीस २००६ साली एका कुटुंबांतील चार जीव गेले. मारणाऱ्यांना बंदूक लागली नाहीं, जमाव पुरला. आणि तो जमाव भटांचा नव्हता, आमच्याच शेतकरी जातींचा होता, हें या पत्राच्या वाचकांनीं डोळे उघडे ठेवून वाचावें. त्या कुटुंबापाशीं बंदूक असती तर तें वांचलें असतें काय, याचें उत्तर कोणी देऊं शकणार नाहीं. पण ज्याला भय आहे त्याला सरकारचें संरक्षण नाहीं, आणि ज्याला भय नाहीं त्याच्या मोटारींत रिव्हॉल्व्हर, हा न्याय सत्यशोधकांनीं मुकाट्यानें पाहावा काय?

म्हणून आमचें सरकारापाशीं मागणें सरळ आहे. प्रत्येक कलेक्टरानें दरसाल जिल्ह्यांतील परवान्यांची संख्या, नवे किती, रद्द किती आणि ते कोणत्या कारणासाठीं दिले, हें जाहीर करावें. निवडणूक आली कीं हत्यारें ठाण्यांत जमा करवितां. मग अत्याचारप्रवण गांवांत १९९५ च्या नियमाप्रमाणें तीं जमा करविण्यास हात कां आंखडतो? जिवाला खरोखर धोका असलेल्या गरिबाच्या अर्जाचा निकाल वशिल्यावांचून आणि मुदतींत लागावा.

आणि तरुण बांधवांनो, तुमच्यापाशीं मागणें याहून सोपें आहे. ज्याला खराच धोका असेल त्यानें अर्ज करावा, रीतसर शिक्षण घ्यावें, हत्यार अंगावर झांकून वागवावें आणि घरीं येतांच लोखंडी कपाटांत कुलूपबंद करावें. मोटारींत तें एक रात्रहि ठेवूं नये. ज्याला धोका नाहीं त्यानें मोटारींत गाडीचे कागद, औषधाची पेटी आणि पोलिसांचा ११२ हा क्रमांक ठेवावा. तेवढ्यानें प्रवास पुरा होतो. रान विकून आलेल्या पैशांतले जे सव्वा लाख तुम्ही कानपुरास धाडणार होतां, त्यांत तुमच्याच गांवच्या एखाद्या पोरीचें कॉलेज पुरें होईल. ती पोरगी उद्यां कलेक्टर झाली, तर परवान्याच्या अर्जांवर सही तिचीच असेल!