बंद करण्याचे बटण पहिल्याच स्क्रीनवर हवे

घरातला कॅमेरा बंद करण्याचे बटण ॲप उघडताच, चालू चित्राच्या शेजारी, अंगठा सहज पोचेल अशा जागी असले पाहिजे. आज अनेक ॲपांत ते शोधावे लागते. दातेरी चाकाची खूण, तिथून सेटिंग, मग उपकरणाची माहिती, मग आणखी पर्याय, आणि शेवटी कुठेतरी तळाशी ते सापडते. ही रचना चुकीची आहे, आणि ती बदलण्याचा आग्रह कॅमेरे विकत घेणाऱ्या आपण सगळ्यांनी धरला पाहिजे. याला विरोध करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे मुद्दे हलके नाहीत. म्हणून आधी त्यांची बाजू.

ते म्हणतात, सुरक्षेचा कॅमेरा चालू राहण्यासाठीच असतो. बटण समोर ठेवले तर चुकून दाबले जाईल, फोनशी खेळणारे मूल दाबेल. शिवाय ज्याच्यावर नजर ठेवायची तोच घरातला असेल तर तो आधी तेच बटण गाठेल. चोरी झाल्यावर चित्रण पाहायला जावे आणि कॅमेरा दुपारपासून बंदच होता असे कळावे, याहून मोठे अपयश कोणते? त्यांचे दुसरे म्हणणे असे की स्क्रीन आधीच गच्च भरलेली आहे. तिसरे, हाताने बंद-चालू करण्याचा काळ संपला. मालकाचा फोन घरी पोचला की कॅमेरा आपोआप झोपतो. आणि हे सारे पटत नसेल तर सरळ प्लग काढावा.

पहिला आक्षेप सर्वांत बळकट आहे, म्हणून त्याच्याशी नीट झुंजले पाहिजे. चुकून दाबले जाण्याची भीती खरी आहे, पण तिचा इलाज बटण पुरून ठेवणे हा नाही. बटण समोर ठेवून ते क्षणभर दाबून धरायला लावता येते, किंवा एकदा ‘नक्की?’ असे विचारता येते. कारखान्यातल्या यंत्राचे सुरू करण्याचे बटण सहसा खोलगट असते, आणि आणीबाणीत थांबवण्याचे बटण पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल, फुगीर, कुणाचाही तळवा पडेल असे. ते चुकून दाबले जाईल म्हणून कपाटात ठेवावे असे कोणी म्हणत नाही. इथे प्रतिपक्ष म्हणेल, यंत्र थांबल्याने माणूस वाचतो, कॅमेरा थांबल्याने चोराचे फावते. हा फरक मला मान्य आहे. त्यामुळे कॅमेरा बंद करणे सोपे असावे तसेच ते लपून करता येणार नाही असेही असावे. कुणी, किती वाजता, किती वेळासाठी बंद केला याची नोंद राहावी आणि ती घरातल्या सगळ्यांच्या फोनवर त्याच क्षणी पोचावी. ही व्यवस्था असली की आक्षेपातला दम संपतो.

तेच बटण चार पायऱ्या खाली पुरल्याने अडते कोण, हेही पाहा. वाईट हेतूने आलेल्याला सवड असते. तो सेटिंग धुंडाळील, वायफायचा राउटर बंद करील, मेमरी कार्ड काढून नेईल. जिला न्हाऊन ओल्या केसांनी हॉलमधून पलीकडच्या खोलीत जायचे आहे, जी बाळाला पाजायला बसली आहे, किंवा ज्यांना वडिलांचे अंथरूण बदलायचे आहे, त्यांना मात्र सवड नसते. अडथळा नेमका त्यांच्यासमोर उभा राहतो. ती माणसे मग ‘जाऊ दे’ म्हणतात आणि कॅमेरा चालूच राहतो. सुरक्षेच्या नावाने निष्पाप माणसाची तेवढी अडचण करणारी ही रचना आहे.

‘घरचेच तर पाहतात, बिघडले काय?’ असेही कोणी म्हणेल. घरचेच पाहतात याची हमी कोण देतो? मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. एका कर्मचाऱ्याने २०१७ साली कित्येक महिने महिला ग्राहकांच्या शयनगृहांतली, न्हाणीघरांतली हजारो चित्रणे पाहिली, असे त्या तक्रारीत म्हटले होते. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना आपल्या ॲपमध्ये परक्या घरांच्या कॅमेऱ्यांतली छोटी चित्रे दिसली, आणि त्यांतल्या १,५०४ जणांनी ती दाबून मोठी केली. ग्राहकाने पासवर्ड कितीही पक्का ठेवला असता तरी यातले काही टळले नसते. जे चित्रण झालेच नाही तेवढेच कुणाच्या हाती लागू शकत नाही.

जागा नाही, या आक्षेपावर फार बोलायला नको. टापो कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये चित्रण थांबवणारा प्रायव्हसी मोड थेट चित्राच्याच स्क्रीनवर मिळतो. अँड्रॉइड १२ ने २०२१ साली सबंध फोनचा कॅमेरा आणि माइक बंद करण्याची बटणे वरून ओढायच्या पट्टीत आणली. ज्यांना जागा करायची होती त्यांनी ती केली.

आपोआप झोपणाऱ्या कॅमेऱ्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण ती सोय खरोखर चांगली आहे. ॲपलने २०१९ साली आयओएस १३ बरोबर होमकिट या आपल्या घरगुती उपकरणांच्या यंत्रणेत अशी रचना दिली की कोणी घरी असताना कॅमेऱ्याने काय करायचे आणि कोणी नसताना काय, हे वेगवेगळे ठरवता येते. पण ‘कोणी घरी आहे’ हे असली यंत्रणा फोनवरून ओळखते, आणि फोनही तोच, जो तिच्यात नोंदवलेला आहे. आजीकडे साधा फोन असतो. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा, रात्रपाळीच्या आयाबाईंचा, पाहुण्यांचा फोन तिच्या हिशेबातच नसतो.

आणि आता पुण्या-नाशिकातली ती घरे आठवा, जिथे आईवडील दोघेच राहतात, मुलगा कॅलिफोर्नियात आहे, आणि कॅमेऱ्याचे खाते त्या मुलाच्या नावावर आहे. आईवडिलांचे फोन कुणी जोडले नसतील तर त्या यंत्रणेच्या लेखी घर बाराही महिने रिकामेच. कॅमेरा कधी झोपणारच नाही. मुलाची काळजी खोटी नाही. रात्री बाबा पडले तर कळावे म्हणूनच त्याने तो लावला. पण दिवसभर डोळ्यासमोर वावरणाऱ्या आईला तासाभराचा एकांत हवा असेल, तर तो मागायला तिने तिकडे मध्यरात्री फोन करायचा का? दाराची कडी आतल्या माणसाच्या हाती असते. कॅमेऱ्याची कळही, तो ज्या खोलीत आहे त्या खोलीतल्या माणसाच्या हाती असायला हवी.

कायदा या बाबतीत उंबऱ्याबाहेर थांबतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. ते योग्यही असेल. सासू-सुनेत पोलिसांनी यावे असे मला वाटत नाही. परंतु त्यामुळे घरात कुणाचे किती चालेल हे ठरवण्याचे काम ॲपची स्क्रीन आखणाऱ्याकडे जाते. बटण कुठे ठेवायचे हा त्याचा निर्णय घरातल्या सत्तेची वाटणी करतो, आणि म्हणूनच तो निव्वळ सजावटीचा प्रश्न म्हणून त्याच्यावर सोडता येत नाही.

मग असावे काय? एक बटण, पहिल्याच स्क्रीनवर, दरवेळी त्याच जागी. ते दाबल्यावर चित्र, आवाज आणि रेकॉर्डिंग तिन्ही थांबावे, आणि तिन्ही थांबले हे स्पष्ट दिसावे. नोटिफिकेशन बंद केले की कॅमेराही बंद झाला, असे समजणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत. दोष त्यांचा नाही, एकसारख्या दिसणाऱ्या कळा शेजारी शेजारी मांडणाऱ्यांचा आहे. बंद करतानाच ‘अर्धा तास, की मी सुरू करेपर्यंत?’ असे विचारावे, आणि आपोआप सुरू होण्याआधी कॅमेऱ्याने खोलीत ऐकू येईल असा आवाज द्यावा, कारण ॲप जिच्याकडे नाही तिलाही ते कळले पाहिजे. तिच्यासाठी कॅमेऱ्यावरचा दिवाही हवा. गुगलने ऑगस्ट २०१९ मध्ये नेस्टच्या कॅमेऱ्यांचा दिवा पूर्ण विझवण्याची सोय काढून घेतली तेव्हा अनेक मालक चिडले. मला तो निर्णय रास्त वाटतो. मालकाला चालू-बंद फोनवर दिसते. समोरच्या माणसाला दिव्याखेरीज काय दिसते? आणि बंद केल्यावर भिंग आतल्या बाजूला फिरवणारे शाओमीचे काही कॅमेरे आहेत, ते सर्वांत उत्तम. त्यांची अवस्था पाहायला फोन लागत नाही.

जिथे नवरा किंवा मुलगा कॅमेरा बंद करूच देत नाही, तिथे ॲपमधले बटणही पुरे पडणार नाही. तिथे कॅमेऱ्यावरच सरकणारे झाकण हवे.

राहिला प्लग. तो छताजवळ असतो, स्टुलावर चढून सत्तर वर्षांच्या बाईंनी तो काढावा ही सूचना कुणी गंभीरपणे करू नये. आणि प्लग काढला की ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ एवढेच दिसते. वीज गेली, वायफाय गेले, चोराने वायर कापली की आईने विश्रांतीसाठी बंद केला, यातला फरक दूरच्या मुलाला कळत नाही. तो घाबरतो, शेजाऱ्यांना उठवतो, आणि पुढच्या वेळी आई प्लगला हात लावत नाही. ‘आईने एक तासासाठी बंद केला’ हा निरोप त्याच बटणातून गेला तर दोघांचेही समाधान होते. त्यासाठी आईचे नाव खात्यात असावे लागते. म्हणून कॅमेरा लावून द्यायला माणूस येईल तेव्हा फक्त घरमालकाचा फोन पुढे करू नका. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा फोन जोडून घ्या, प्रत्येकाला बंद करण्याचा अधिकार द्या, आणि ते बटण प्रत्येकाकडून एकदा दाबून घेतल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका.